एकच द्राक्ष, तीन मुलूख : शेनिन ब्लांक चाखताना काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे : वेगवेगळ्या देशांच्या वाईन चाखायला बसलं की शेजारचे लोक पेरू, लिची, व्हॅनिला अशी नावं घेतात, मला मात्र आंबट, गोड आणि कडवट एवढंच कळतं. यात द्राक्षाच्या जातीमुळे काय आलं आणि प्रदेशामुळे काय आलं, हे ओळखायचं कसं? आणि नाशिकच्या वाईन बाहेरच्या वाईनच्या तोडीच्या असतात का?

आंबट, गोड, कडवट कळतंय ना, मग पाया पक्का आहे. आम्ल किती, साखर किती, अल्कोहोल किती, तुरटपणा किती आणि घोट गेल्यावर चव किती वेळ टिकते, यांवरच वाईनचं मूल्यमापन उभं असतं. पेरू-लिची नंतर येतात. नाशिकमध्ये आम्ही टाकीतले नमुने चाखतो तेव्हा पहिला शब्द आम्लाबद्दलच असतो.

तुमची अडचण जिभेची नाही, टेस्टिंगच्या मांडणीची आहे. एका टेबलावर फ्रान्सची रेड, इटलीची व्हाईट आणि नाशिकची रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, ठेवली, तर एका ग्लासकडून दुसऱ्याकडे जाताना द्राक्ष बदलतं, हवामान बदलतं, करण्याची पद्धत बदलते, वय बदलतं. फरक कळतो, पण तो कशामुळे ते कळण्याची सोयच राहत नाही. म्हणून द्राक्ष एकच ठेवा आणि मुलूख बदला. ते नीट जमलं की मग मुलूख एक ठेवून द्राक्षं बदला. घाई असेल तरी हा क्रम मोडू नका.

द्राक्ष कोणतं, तर शेनिन ब्लांक. नाशिकच्या बागांत ते भरपूर आहे, म्हणून आपल्याला जवळचं आहेच, पण शिकण्याच्या दृष्टीनेही ते उत्तम आहे. त्याचा स्वतःचा वास मस्कत नावाच्या सुवासिक द्राक्षासारखा अंगावर येत नाही, त्यामुळे जमीन, हवा आणि वाईन करणाऱ्याचा हात त्याच्यात स्वच्छ दिसतो. उन्हातही ते आपलं आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवतं. आणि कोरडीठाक, अर्धगोड, पूर्ण गोड, फेसाळ अशा सगळ्या प्रकारच्या वाईन या एकाच द्राक्षापासून होतात. तीन बाटल्या आणा : फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली वुव्रे, दक्षिण आफ्रिकेतली स्टेलनबॉश किंवा स्वार्टलँडची, आणि नाशिकची. पहिल्या दोन आयात शुल्कामुळे महाग पडतात. चार-पाच जणांनी मिळून वर्गणी काढली तर जमतं, कारण चाखायला माणशी 50 मिलीच लागते.

ओतण्याआधी या तीन जागांबद्दल थोडं माहीत असलेलं बरं.

ल्वार हे शेनिनचं माहेर. वुव्रे साधारण 47 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे थंड प्रदेश. तिथली जमीन तुफो नावाच्या मऊ चुनखडी दगडाची. तळघरंही त्याच दगडात कोरलेली आहेत. द्राक्ष हळूहळू पिकतं, खुडा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि गोड वाईनसाठी कधी नोव्हेंबरपर्यंत चालतो. सगळे घड एकदम पिकत नाहीत, म्हणून माणसं त्याच बागेतून पुन्हा पुन्हा फिरून फक्त तयार झालेले घड काढतात. शरद ऋतू ऊबदार आणि दमट गेला तर बॉट्रायटिस नावाची बुरशी मण्यांतलं पाणी कमी करते आणि साखर, आम्ल दोन्ही दाट होतात. त्या वर्षी गोड वाईन भरपूर निघते. थंड वर्षी कोरडी आणि फेसाळ. म्हणून वुव्रेची बाटली घेताना लेबलवर सेक आहे, दमी-सेक आहे की मोएल्यो आहे ते बघा. सेक म्हणजे कोरडी, दमी-सेक अर्धगोड, मोएल्यो गोड. तुलनेसाठी सेकच हवी. त्याच खोऱ्यात पश्चिमेला, आंजे शहराजवळ साव्हनिएर आहे. तिथे चुनखडीऐवजी शिस्ट खडक आहे आणि वाईन जास्त कडक, गंभीर स्वभावाची होते. पैसे असतील तर चौथी बाटली तिची.

दक्षिण आफ्रिकेत आज शेनिनची लागवड फ्रान्सपेक्षाही जास्त आहे. तिथे हे द्राक्ष पिढ्यान् पिढ्या स्टीन नावाने ओळखलं जायचं; स्टीन म्हणजे ल्वारचं शेनिनच, हे 1960 च्या दशकात पक्कं झालं. फार काळ ते ब्रँडीसाठी आणि स्वस्त व्हाईट वाईनसाठीच वापरलं गेलं. त्यातून एक चांगली गोष्ट घडली : जुन्या वेली बऱ्याच ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या. स्वार्टलँडमध्ये ग्रॅनाइटच्या जमिनीवर, तारांच्या आधाराशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या आणि पावसाच्या पाण्यावरच जगणाऱ्या वेली आहेत. त्यांना घड कमी येतात, मणी लहान राहतात, रस दाट होतो. 35 वर्षांपेक्षा जुन्या बागांच्या वाईनवर आता तसा खास शिक्का मिळतो. तो दिसला तर तीच बाटली घ्या.

नाशिकची गोष्ट या दोघांपेक्षा वेगळी आहे, आणि चाखताना ती ठाऊक असलीच पाहिजे. आपण 20 अंश उत्तरेला, साधारण 600 मीटर उंचीवर आहोत. इथे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, म्हणून तिला छाटणीने वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे लेप. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर डावणी, पुढे थंडीत भुरी, हे दोन्ही बुरशीचे रोग. यातून निभावलेला माल जानेवारी ते मार्चमध्ये वाईनरीत येतो. जानेवारीत रात्री गार असतात, तेव्हा आम्ल टिकून राहतं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की मण्यातलं मॅलिक आम्ल (हिरव्या सफरचंदातलं) भराभर जळतं आणि साखर झपाट्याने वर जाते. खुडा चार दिवस लांबला तर त्याच बागेतली वाईन वेगळी होते. सकाळी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघून दुपारी तोडणीचा निर्णय बदललेला मी पाहिला आहे.

यात एक गंमत आहे आणि ती तुलनेत फार उपयोगी पडते. उत्तर गोलार्धात असूनही आपला खुडा दक्षिण आफ्रिकेच्याच महिन्यांत येतो. लेबलवर तिन्ही बाटल्यांचं साल एकच असलं, तरी वुव्रेचा माल नाशिक आणि स्वार्टलँडनंतर सात-आठ महिन्यांनी खुडलेला असतो. शक्य असेल तर वुव्रे एक साल आधीची घ्या, नाहीतर ताजेपणातल्या फरकाला तुम्ही मातीचा फरक समजाल.

आता प्रत्यक्ष चाखणं. ग्लास महागडे नकोत, पण तिन्ही सारखे हवेत, पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद. टेस्टिंगसाठीचा आंतरराष्ट्रीय मानकाचा ग्लास साधारण 215 मिलीचा असतो आणि त्यात 50 मिली ओततात. वरची मोकळी जागा वासासाठी. वाईन 10 ते 12 अंशांवर असावी. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास दबतो आणि आंबटपणा टोचतो. वीसेक मिनिटं बाहेर राहू द्या, एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी. खोलीत उदबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, कुणी अत्तर लावून येऊ नये. थुंकण्यासाठी एक भांडं ठेवा आणि ते वापरा. गिळत राहिलात तर चौथ्या ग्लासापर्यंत सगळ्याच वाईन छान लागतात.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओतायला चाखणारा नसलेला माणूस बसवा. हा नियम मी कधीच सोडत नाही, कारण डोळे जिभेला सहज फसवतात. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये झालेला आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना तीच व्हाईट वाईन वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. रंगाने हे होतं, तर फ्रान्सच्या लेबलने काय होईल?

आणखी एक युक्ती करा. ग्लास तीन नको, चार भरा. चौथ्यात पहिल्या तिन्हींपैकीच एक वाईन पुन्हा. कोणती ते ओतणाऱ्यालाच माहीत. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन एकाच बैठकीत तीनदा दिली गेली होती. रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एक होते. म्हणजे तुमच्याकडूनही चुकेल, पण किती चुकतं ते कळेल. दर वेळी ही जोडी सापडायला लागली की स्वतःच्या टिपणांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

पहिल्यांदा ग्लास न हलवता वास घ्या, मग फिरवून घ्या. नाव सुचत नसेल तर नाव शोधू नका, जात शोधा : हिरवं की पिकलं? ताजं फळ की मुरंबा? फुलाचं की मातीचं? एवढं ठरलं तरी पुरे. आणि नावं परकीच हवीत असं कुठे आहे? युरोपातले लोक शेनिनमध्ये क्विन्स नावाचं फळ शोधतात, जे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलंही नसतं. तुम्हाला कवठ आठवलं तर कवठ लिहा. वुव्रेमध्ये हिरवं सफरचंद, नाशपती, मध आणि अनेकदा पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास येतो. घोंगडीचा हा वास शेनिनची ओळखीची खूण आहे, दोष नाही. स्वार्टलँडच्या वाईनमध्ये पिवळं पिकलेलं फळ, जर्दाळू, मेण असं काहीतरी येतं. लाकडी पिंपात ठेवलेली असेल तर भाजलेल्या बदामासारखं. नाशिकची वाईन उघडली की अननस, पेरू, खरबूज पुढे येतात. फळ ताजं, उघड, लगेच भेटणारं.

मग घोट. थोडी वाईन तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा, नाकातून हळू श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वासच असतो. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असा नकाशा पूर्वी शिकवायचे. तो चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

आम्ल आणि साखर यांची गल्लत सगळ्यांचीच होते, कारण साखर आंबटपणा झाकते. ती सोडवण्याचा साधा उपाय असा : घोट थुंकल्यावर मान थोडी खाली करा आणि जबड्याच्या कडेला लाळ किती सुटते ते बघा. साखर जिभेला फसवते, पण आम्लाने सुटणारी लाळ तिला सहजी थांबवता येत नाही. वुव्रेला लाळ भरपूर आणि बराच वेळ सुटते. स्वार्टलँडला मध्यम, पण तोंडात वाईन भरलेली, जड वाटते, कारण अल्कोहोल जास्त आहे. उन्हात साखर वाढली की अल्कोहोल वाढतं. रसातली लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर म्हणजे 1 टक्का अल्कोहोल. नाशिकच्या वाईनमध्ये पहिल्या क्षणाला फळ आणि थोडा गोडवा येतो आणि आम्ल मागाहून. आपल्याकडच्या अनेक शेनिनमध्ये मुद्दाम थोडी साखर राखलेली असते. लेबलवर कोरडी लिहिलं म्हणजे साखर शून्य असं समजू नका. युरोपातल्या नियमांतही लिटरला 4 ग्रॅमपर्यंत, आणि आम्ल पुरेसं असेल तर 9 ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन कोरडीच धरतात. उष्ण प्रदेशात टाकीत टार्टारिक आम्ल (द्राक्षातलंच मुख्य आम्ल) घालणं सर्रास चालतं, आणि ते करण्यात गैर काही नाही. पण ते बेताबाहेर झालं की आम्ल फळापासून सुटं लागतं, चव एकीकडे आणि आंबटपणा दुसरीकडे. हे सुटेपण एकदा कळलं की परत विसरत नाही.

तुम्ही कडवट म्हणता त्याची कारणं निराळी असू शकतात. रस काढताना साल आणि बी जास्त दाबली गेली तर शेवटी कडू चव उरते. अल्कोहोल जास्त असेल तरी कडवटपणा वर येतो. रेड वाईनमध्ये ज्याला कडू म्हटलं जातं ते बऱ्याचदा कडू नसून तुरट असतं. हिरड्यांवर जीभ फिरवा. कोरडं आणि खरखरीत लागलं तर ते टॅनिन आहे, जास्त उकळलेल्या चहाने होतं तसं. थोडं टॅनिन रेड वाईनला हवंच.

शेवटी लांबी. थुंकल्यावर मनात आकडे मोजा. चव पाच-सहा सेकंदांत गेली तर वाईन साधी. पंधरा-वीस सेकंद राहिली, आणि राहताना बदलत गेली, म्हणजे आधी फळ, मग मध, मग दगडासारखं काहीतरी, तर वाईन मोठी. लांबीत मात्र आम्ल आणि अल्कोहोलची जळजळ धरायची नाही. फक्त चांगली चव किती टिकली ते बघायचं. मूल्यमापनात मी सगळ्यात जास्त वजन या लांबीला आणि समतोलाला देतो. वास किती जोरकस आहे याला सगळ्यात कमी, कारण जोरकस वास यीस्ट निवडून आणि टाकी गार ठेवूनही काढता येतो. लांबी बागेतूनच यावी लागते. ग्लासच्या काचेवरून ओघळणाऱ्या रेषांकडे लक्ष देऊ नका. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे पडतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

गुण द्यायचे असतील तर शब्द आधी लिहा, आकडा नंतर. 100 पैकी द्या की 20 पैकी, फरक पडत नाही.

गुण देण्याआधी एक तपासणी मात्र हवी, वाईन खराब तर झालेली नाही ना? ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष. तो लिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प मात्रेतही फळ मारून टाकतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा सिरक्याचा वास म्हणजे जिवाणूंनी केलेलं नुकसान. आपल्याकडे मात्र सर्वांत जास्त आढळतो तो उन्हाचा दोष : दुकानाच्या काचेमागे उन्हाळाभर उभी राहिलेली बाटली. रंग गडद, फळ शिजल्यासारखं, बूच किंचित वर आलेलं. अशी वुव्रे चाखून ल्वारबद्दल मत बनवू नका आणि अशी नाशिकची चाखून नाशिकबद्दलही नको.

रेड वाईनने सुरुवात करायची असेल तर हीच पद्धत शिराझ या काळ्या द्राक्षाला लावा : फ्रान्समधलं उत्तर ऱ्होन, ऑस्ट्रेलियातलं बरोसा आणि नाशिक. थंड जागेतल्या शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटंडोन नावाच्या घटकाचा, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास भरपूर मात्रेतही येतच नाही. तेव्हा शेजारचा मिरी मिरी करत असेल आणि तुम्हाला काहीच येत नसेल, तर कदाचित तुमच्या नाकात ती सोयच नसेल. टिपणात तसं लिहा आणि पुढे चला.

आता नाशिक त्या तोडीची आहे का? लांबी आणि खोली या दोन बाबतींत उत्तम वुव्रे आणि जुन्या वेलींची स्वार्टलँड आज आपल्या पुढे आहेत, हे मी नाशिकमध्ये बसूनही सांगेन. कारण उघड आहे. नाशिकच्या सुला या वाईनरीची पहिली वाईन 2000 मध्ये आली, राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चं. आपल्या वाईनच्या बागा तरुण आहेत आणि अनेक बागायतदार अजून खायच्या द्राक्षाच्या हिशेबाने एकरी जास्त माल धरतात. वेलीवर घड जास्त राहिले की रस पातळ होतो, मग टाकीत काहीही करा. उलट स्वच्छपणा, ताजं फळ आणि जेवणाबरोबरची सोय यांत आपली शेनिन कमी नाही. थोडा गोडवा आणि बेताचं अल्कोहोल असल्यामुळे ती तिखटापुढे टिकते; कोथिंबीर वडी किंवा सुरमईच्या तुकडीबरोबर कोरडी वुव्रे मला कडक वाटते, नाशिकची बरोबर बसते. फेसाळ वाईनसाठी शेनिन लवकर, आम्ल भरपूर असतानाच खुडतात, आणि तिथे आपली बाजू खरंच भक्कम आहे. नाशिकजवळच्या दिंडोरीची शांदों ही फेसाळ वाईन करणारी वाईनरीसुद्धा आपल्या वाईनमध्ये शेनिन वापरते. उशिरा खुडलेल्या गोड शेनिनही इथे होतात. त्यांत आम्ल पुरेसं आहे का एवढंच बघा, नाहीतर त्या नुसत्या पाकासारख्या होतात.

साठवणीबद्दल एवढंच की नाशिकची साधी शेनिन खुड्यापासून दोन वर्षांच्या आत प्या. चांगली वुव्रे दमी-सेक दहा-वीस वर्षंही टिकते. नाशिकची घेताना लेबलवरचं साल बघा, आणि दोन सालं शेल्फवर असतील तर नवी उचला.